फायबरचं बॉनेट

बसूअण्णांनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला, तेव्हा माझी बोटं कुरकुरली. चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझी तुळजापूरला नुकतीच बदली झाली होती आणि त्यांच्या पेंड-सरकीच्या दुकानाशेजारी मी खोली घेतली होती. "हात गार हाय तुमचा. जेवला न्हाय वाटतं," असं म्हणून त्यांनी मला सरळ आत नेलं आणि पाटावर बसवलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा. साठी जवळ आली होती, तरी सरकीचं पोतं ते स्वतःच पाठीवर घ्यायचे.

दुकानासमोर त्यांची सायीच्या रंगाची अँबॅसेडर उभी असायची. वडिलांनी घेतलेली. सकाळी लिंगपूजा आटोपली की अण्णा बाहेर येत, बॉनेट उचलत, दांडीवर टेकवत आणि तेलपाणी बघत. ते जाड पोलादी बॉनेट मी एकदा उचलून पाहिलं, दोन्ही हातांनीही धड पेललं नाही. अण्णा हसले. "पत्रा न्हाय त्यो सर, छाती हाय गाडीची." गाडीला मेकॅनिक त्यांनी कधी लागू दिला नाही. कुणी शहाणपण शिकवायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी हात लावून बघा, मग बोला."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी धाडकन आवाज आला म्हणून मी बाहेर धावलो. बॉनेट त्यांच्या हातून सुटलं होतं. "घामानं निसटलं," म्हणाले. थंडीचे दिवस होते.

मग चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. सदऱ्याची बटणं त्यांच्या पत्नी, महानंदावहिनी, लावून देऊ लागल्या. सोलापूरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्यात, यावर औषध नाही, आधी हात, मग पाय, मग बोलणं, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. अण्णांनी एकच विचारलं, "गाडी किती दिवस चालवता यील?"

"हात साथ देतील तोवर. पण फार दिवस नाही."

फायबरच्या बॉनेटची कल्पना माझी. सोलापुरात एक कारागीर जुन्या गाड्यांना अशी बॉनेटं बनवून देतो, असं मी ऐकलं होतं. अण्णांनी मला उडवूनच लावलं. "फायबर? त्याच्या बादल्या करा म्हणावं."

पण महिन्याभरात एक सकाळ अशी आली, की त्यांनी तीनदा जोर लावला आणि तीनदा बॉनेट वीतभर वर येऊन खाली बसलं. समोरचा पानवाला आणि दोन गिऱ्हाइकं बघत होती. अण्णांनी दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, त्या सोलापूरच्या मानसाला फोन लावा."

कारागिरानं पोलादी बॉनेटवरून साचा काढला, त्यात फायबरचे थर बसवले, रंग जुळवला. आठवड्यानं आम्ही गेलो. अण्णांनी नव्या बॉनेटवर टिचकी मारली. "डबा वाजतोय." मग ते उचललं. एका हातानं! मागं वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी तोंडभर हसले. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

निघताना कारागीर म्हणाला, "हलकं आहे, वारं धरतं. जुना खटकाही याला बसत नाही, म्हणून पुढं या दोन पिना दिल्यात. गाडी काढताना पिना लावल्याच पाहिजेत." अंगठ्यानं जोरात दाबायचं, तर पीन बसणार, तसंच दाबून ओढायचं, तर सुटणार. मी करून पाहिलं. अण्णांनी पाहिलं नाही. जन्मभर 'हात लावून बघा' म्हणणाऱ्या माणसानं तेवढ्याला हात लावला नाही, आणि त्यांच्या अंगठ्यात आता साधं बटण दाबण्याइतकाही जोर उरला नाही, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

पोलादी बॉनेट घरामागं भिंतीला टेकून राहिलं. इकडे रोज सकाळी शाळेआधी मी जाऊन पिना काढायचो, अण्णा बॉनेट उचलायचे, मी पुन्हा पिना लावायचो. हे असं चालून जाईल, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं.

मग प्रशिक्षणासाठी मला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पानवाल्याकडून पिना काढून घेतल्या, तेलपाणी पाहिलं. परत लावायला त्याला हाक मारायची त्यांना लाज वाटली, आणि वहिनींनाही सांगवेना. वहिनींना शेजारी बसवून ते तसेच सोलापूरकडे निघाले. घाटात समोरून एक ट्रक वेगात गेला, वारं बॉनेटखाली शिरलं आणि बॉनेट उडून काचेवर आदळलं. पुढचं काही दिसेना. गाडी डोंगराच्या बाजूला घासत जाऊन थांबली. अण्णांना खरचटलं, वहिनींचा उजवा हात मोडला. अण्णांची बटणं लावणारा हात तोच होता.

मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा ते बाकावर बसले होते. "पिना लागंनात सर. कुनाला सांगू?" थोड्या वेळानं म्हणाले, "लोखंडाचं असतं तर उडालं नसतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गाडी पुढं लातूरच्या एका माणसानं विकत नेली. त्या दिवशी अण्णा बाहेर आले नाहीत.

वर्षभरात त्यांचं बोलणं जाऊ लागलं. शब्द ओघळू लागले. माझ्याशी ते मराठी बोलत, वहिनींशी कानडी, पण आता एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळेना. मी रोज जायचो, मग दिवसाआड, मग आठवड्यानं. परीक्षांची कामं आहेत, असं सांगायचो. खरं म्हणजे "काय म्हणालात?" असं चौथ्यांदा विचारताना त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी गेलो, तर वहिनी आत आंबील करत होत्या. अण्णांनी माझ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं. चारपाच शब्द असतील. मी वाकलो. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना कपाळावरची विभूती घामानं भिजली. मला एक अक्षर कळलं नाही.

"हो अण्णा," मी म्हणालो. "करतो मी. काळजी करू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

चौथ्या दिवशी अण्णा गेले. माती देऊन परतल्यावर मी वहिनींना विचारलं, "अण्णांनी मला काहीतरी करायला सांगितलं होतं. तुम्हाला काही बोलले होते का?"

वहिनींनी आठवून पाहिलं. मग विचारलं, "मराठीत म्हनले का कानडीत?"

मला तेही सांगता आलं नाही.