एका नंबराच्या दोन लॉऱ्या

जवळ सरका बघू. पोलिसाची गोष्ट म्हटली की तुम्हाला खून नाहीतर दरोडा लागतो, ही खोड काही चांगली नाही. खून-दरोडे मी विसरले. ती लॉरी मात्र अजून डोळ्यांपुढून धूळ उडवत जाते.

आमचे हे तेव्हा निपाणीला फौजदार होते. केस ह्यांची, पण घर ठाण्याला लागून, त्यामुळे जबाब मी चुलीपाशी बसून ऐकायची. लढाई नुकतीच संपली होती, लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या होत्या.

खबर आणली नाक्यावरच्या हवालदाराने. सांज झालेली, हवेत तंबाखूचा वास.

"साहेब, एक लॉरी संकेश्वराकडं गेली. परत आलीच न्हाय, आन् पुन्हा गेली."

"दारू घेतलीस व्हय रं?"

"न्हाय साहेब. नंबर त्योच हुता."

झालं, गावात भुताची लॉरी म्हणू लागले. मलाही ती स्वप्नात यायची. आवाज नाही, पिवळी धूळ, आणि एकामागून एक तीच ती.

ह्यांनी एके दिवशी पहिली अडवली आणि वाट पाहत बसले. मागून दुसरी आली. नंबर एकच. पंचनामा करून दोन्ही जप्त केल्या.

लॉऱ्यांचा मालक संकेश्वराजवळच्या खेड्यातला, पिढीजात बैलगाडीने भाडी मारणारा. बोलावणं गेलं तसा बैलगाडी जुंपूनच ठाण्यात आला. खोट्या नंबराचं कलम लागलं तर तुरुंग, परमिट रद्द, नवा धंदा जागच्या जागी संपला. हे त्यालाही कळत होतं.

"दुसरी लॉरी कुणाची?"

"माझीच की साहेब."

"तिचं पासिंग कुठंय?"

"थोरलीचं केलंय न्हवं बेळगावात? घर एकच हाय. धाकटीला येगळा नंबर कशाला?"

"मला शिकवतोस?"

हे कलम लिहायला बसले. मी चहा घेऊन ओसरीवर आले तर कडुनिंबाखाली त्याचे बैल रवंथ करत उभे. उतरतं ऊन पाठीवर, आणि दोघांच्या मांडीवर एकसारखी चंद्रकोर डागलेली.

"अहो," मी म्हटलं, "ते बैल बघा जरा."

ह्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा डाग कसला रं?"

"घरचा, साहेब. आमच्या दावणीच्या समद्या जनावरांस्नी योच. बाजारात चुकलं तर कुणाचं त्ये कळाय नको?"

"आणि लॉरीचा नंबर?"

"त्योबी घरचाच की."

ह्यांनी टाक खाली ठेवला. बिनपासिंगची लॉरी हाकल्याचा दंड झाला, तो काही चुकला नाही. पण फसवणुकीचं कलम लागलं नाही. धाकटी लॉरी वेगळा नंबर मिळेतो ठाण्याच्या आवारात उभी होती. चिमण्या तिच्या टपावर बसायच्या, अन् मला वाटायचं, डोळा लागलाय तिचा.

सुटल्यावर दोघी नाक्यावरून गेल्या. नंबर वेगवेगळे, दारावर चंद्रकोर एकच.

हे पुढे नव्या शिपायांना सांगायचे, माणूस खोटं बोलतोय म्हणण्याआधी त्याच्या दावणीला काय आहे ते बघून या. मीही तेच सांगेन.

आता निघा, पुन्हा या लवकर. आमच्या घराला नंबर दिलाय म्हणे, मला काही तो पाठ नाही. फौजदारीणबाईंचं घर विचारा, कुणीही आणून सोडेल.