विहिरीत सोडलेला दिवा

बापूराव विहिरीत उतरून पाण्याच्या मोटारी काढायचा, याहून जास्त अण्णाजींना त्याच्याबद्दल ठाऊक नव्हतं. दिवाळीत तो तापाने गेला, तेव्हा त्याला मुलं किती हेही त्यांना सांगता आलं नाही.

त्यांची शेवटची भेट उन्हाळ्यातली. अण्णाजींच्या वांग्याच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीत मोटार गाळात रुतली होती. बापूरावने काठावर कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बादलीत पेटता दिवा ठेवून खाली सोडला. अर्ध्यावरच दिवा विझला. अण्णाजी काठावरून मागे सरले.

"विहीर कोपली, बापूराव. उतरू नको."

"कोपली नाई. खालची हवा खराब हाये."

"मंग कुंकू काऊन वाह्यलं?"

"हवा दिव्यानं समजते, अण्णाजी. भेव त्यानं जात नाई."

कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून, खालची हवा हलावी म्हणून त्याने तो बराच वेळ खालीवर केला. दुसरा दिवा तळाशी तेवत राहिला. मग हात जोडून तो उतरला. त्याच्या कमरेला बांधलेला दोर अण्णाजींच्या हातात होता. गणपतीचं नाव घेत ते दिव्यावरची नजर हलवत नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं तरी पापणी मिटायची हिंमत होईना.

मोटार गाळातून सोडवून बापूराव चिखलाने माखून वर आला.

"दोर सोडा आता, अण्णाजी."

"चहा मांडू का?"

"मांडा. साखर कमी टाकजा."