माकड, अळी आणि भावकी

"मॅडम, तुम्ही माझ्या पोरीला माकडाची नात म्हणलाय."

मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये बसलेले पालक हे अगदी शांतपणे म्हणाले. त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणारा माणूस निदान दमतो. यांच्या हातात तक्रारअर्ज होता, घडीसुद्धा न मोडलेला.

'मॅडम' म्हणजे शिंदे मॅडम, दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी पुण्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झाले. आता एका संस्थेतर्फे वारज्याहून लोणी काळभोरच्या बाजूच्या शाळांमध्ये जाते, मागच्या बाकावर बसून तास बघते आणि नंतर शिक्षकांशी बोलते. याला क्लासरूम ऑब्झर्व्हेशन म्हणतात. शिक्षक याला काय म्हणतात ते मला कुणी सांगितलेलं नाही.

शिंदे मॅडम भिंग आणि आरसे उत्तम शिकवायच्या. उत्क्रांतीचा धडा मात्र एका तासात संपवायच्या. चार प्रश्न उतरवून द्यायच्या आणि बाकीचं घरी वाचायला सांगायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझं बी.एस्सी. केमिस्ट्रीत झालंय. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत, असं कुणी विचारलं की मला उत्तर येत नाही. म्हणून विचारायला वेळच ठेवत नाही."

प्रामाणिक उत्तर होतं. आम्ही दोन शनिवार बसलो. आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही, दोघांचे फार जुने पूर्वज एक, एवढं पक्कं केलं. सोमवारी त्यांनी तास घेतला. प्रश्न आले, त्यांनी उत्तरं दिली. एका मुलीने घरी जाऊन त्यातलं अर्धंच सांगितलं. मंगळवारी तिचे वडील आले.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं सोपं होतं. मॅडमनी सॉरी म्हणावं आणि पुढच्या वर्षीपासून हा धडा घरीच वाचायला द्यावा. शिंदे मॅडम खाली बघत होत्या. आता ही बाई परत खडू हातात धरून हा धडा घेणार नाही, हे मला दिसत होतं.

म्हणून मी लॅपटॉप उघडला. जीवाश्म दाखवले, कवट्या दाखवल्या. त्यांनी सगळं सभ्यपणे पाहिलं.

"ह्ये समदं भायेरच्या देशातलं हाय," ते म्हणाले.

माझ्याकडे पुढची स्लाइडही बाहेरच्या देशातलीच होती.

तेवढ्यात शिंदे मॅडमनी मान वर केली. या पालकांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं आणि मॅडमचे सासरे तिथलं गिऱ्हाईक होते. मॅडमनी विचारलं, कोबीवरच्या अळीला पूर्वी जे औषध द्यायचात, ते आता चालतं का?

"न्हाई चालत."

"का चालत नाही?"

दुकानदार खुर्चीत सरसावून बसले. रोज गिऱ्हाइकांना सांगतात तसं सांगू लागले. औषधानं मरणाऱ्या मेल्या. थोड्या चिवट होत्या त्या राहिल्या. त्यांचीच पिलावळ वाढली. असं चार-सहा हंगाम झालं की सगळी अळीच चिवट.

"मी वर्गात हेच शिकवलं," मॅडम म्हणाल्या. "चिवट ते उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. उत्क्रांती अशीच होते. फक्त आपल्याला लाखो वर्षं लागली."



"आन् माकड?"

"माकड आपला आजा नाही. लांबच्या भावकीतलं आहे."

"भावकीत काय, कुनीबी असतंय," ते म्हणाले. अर्ज खिशात घातला, चहा घेतला आणि गेले. पटलं असं काही ते म्हणाले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

शिंदे मॅडमनी लगेच या धड्याला चार तास मागितले. तीन मिळाले. पुढे हवामानबदलाचा धडा आला, तेव्हा त्यांनी मला बोलावलंसुद्धा नाही. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून विहिरींचं पाणी पूर्वी कधी आटायचं याची माहिती आणायला लावली आणि तिथून सुरुवात केली.

मी जे शिकले ते थोडक्यात असं: विषय मला जास्त येतो, पण गावात कुणाचं दुकान कशाचं आहे ते मॅडमना माहीत असतं.

आमच्या रिपोर्टमध्ये 'मार्गदर्शकाने केलेली मदत' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'वेळेवर गप्प बसले.' संस्थेच्या ऑफिसमधून फोन आला, असं चालत नाही, नीट लिहा. मग 'दृक्-श्राव्य साधनांचा प्रभावी वापर' असं लिहून पाठवलं. ते लगेच मंजूर झालं.