माघारीचा हुकूम

लष्करी इतिहास शिकवणारी बाई म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या छत्रीकडे बघतात. रोह्याच्या कॉलेजात मी इतकी वर्षं लढाया शिकवते आहे आणि घरात पाल दिसली की खोली सोडते, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. त्यातही माझा विषय माघारीचा. जिंकलेल्या लढायांवर लिहायला रांग लागते. हरलेलं सैन्य परत कसं आणलं, तिकडे कुणी फिरकत नाही. पीएच.डी.च्या वेळी मार्गदर्शकांनीही विषय बदलायला सुचवलं होतं. मी बदलला नाही. हट्टीपणा आमच्याकडे वडिलांकडून आला आहे.

वडिलांचा पेणला, रामवाडीच्या अलीकडे, गणपतीचा कारखाना. दिल्लीला, पुण्याला जुनी दप्तरं धुंडाळून मी परत आले की ते रंग कालवता कालवता विचारायचे, यंदा कोण हरलं म्हणून. मी सांगायचे आणि ते मन लावून ऐकायचे. जखमींना कोण उचलायचं, वाटेत भाकरी कोण भाजायचं, असे त्यांचे प्रश्न. माझ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्या प्रश्नांतून निघालं, आणि तेच मला सर्वांत आवडतं.

कारखान्यात बाकी सगळी कामं वाटलेली, पण डोळ्यांची आखणी फक्त त्यांची. समोर पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेला देवाची नजर भिडली पाहिजे. जरा इकडेतिकडे झालं की देव भिंतीकडे बघत बसतो. गेल्या श्रावणात एका दुपारी मी कारखान्यात गेले, तर वडील जेवून घरी आडवे झाले होते आणि वहिनी ओल्या फडक्याने एका मूर्तीचे डोळे पुसत होती. सकाळी वडिलांनी आखलेले डोळे ती दुपारी पुसून पुन्हा काढत होती. त्यांचा हात थरथरायला लागला होता. श्रावण लागल्यापासून हेच चाललं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. उलट संध्याकाळी ते मूर्तींच्या रांगेतून फिरायचे आणि यंदा डोळे बरे उतरलेत म्हणायचे. वहिनीला रडू यायचं ते तेव्हा.

नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या माझ्या भावाचं म्हणणं पडलं, चतुर्थीपर्यंत असंच रेटू, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं. मी त्याच्यावर उखडले. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं तर त्यांनी कुणाकडे बघायचं? सेनापतीला कुणी खरं सांगत नाही आणि माणसं त्याच्या पाठीमागून एकेक करून सरकत राहतात, माघारीत याहून वाईट काही नसतं. हुकूम त्याच्या तोंडून निघाला तर सैन्य सैन्य राहतं, आणि तोही सेनापती राहतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. भावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग तूच सांग.

दुसऱ्या दिवशी वडील कामाला बसायच्या आत मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मनात जुळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी सगळी पळाली. एवढंच म्हणाले, "बाबा, डोळे वहिनी काढते. तुम्ही जेवायला गेल्यावर."

त्यांनी स्वतःचा हात समोर धरून बघितला. मग विचारलं, "सगळेच?"

मी मान हलवली. ते उठले, रांगेपाशी गेले आणि एकेका मूर्तीसमोर वाकून बघू लागले. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खांबाशी उभी होती. मला माझ्या विद्वत्तेचा मनस्वी राग आला. गप्प बसले असते तर यांचा हा एक श्रावण तरी सुखाचा गेला असता, असं वाटून गेलं.

घरच्या गणपतीचे डोळे अजून व्हायचे होते. ती मूर्ती स्टुलावर होती. वडिलांनी तिच्यासमोर पाट मांडला आणि पूजेला बसणाऱ्याच्या जागी मांडी घालून बसले. कुंचला वहिनीपुढे धरला. तो हलत होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"ये गो," ते म्हणाले. "माझ्या देखत काढ. मी हितून सांगतो."

वहिनी बाजूला बसून काढू लागली. जरा खाली घे, उजवा थोडा आत, असं ते पाटावरून सांगत राहिले, आणि ती तसंतसं करत गेली. शेवटी ती मागे सरली. वडिलांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी मूर्तीवरची नजर हलवली नाही.

"बघतो हाय," ते म्हणाले. "जलमभर दुसऱ्यांकडं बघायला लावला याला. आज माझ्याकडं बघतो हाय."