जिन्यावर सांगितलेलं पाप

मी एकदा कन्फेशन केलं, आणि पाच मिनिटांच्या आत तेच कन्फेशन शाळेच्या जिन्यावर, वरून मसाला घालून, पुन्हा केलं. पहिलं फादरांसमोर, दुसरं मैत्रिणीसमोर. पहिल्याने काही बिघडलं नाही. दुसऱ्याने माझी नोकरी घालवली. इतकी बावळट बाई मी पुढे कुठे पाहिली नाही, आणि ही तर रोज सकाळी माझ्याच आरशात उभी राहून पावडर लावायची.

मी ख्रिस्ती नाही. आम्ही टेमघरचे बौद्ध. पण मला नोकरी मिळाली ती भिवंडीतल्या सिस्टरांच्या शाळेत, मराठी शिकवायला. शाळेच्या भिंतीपलीकडे लूमचे कारखाने. त्या खटखटीत शिकवायचं म्हणजे कवितासुद्धा ओरडून शिकवायची. संध्याकाळी घरी गेले तरी आवाज खाली यायचा नाही. नवरा म्हणायचा, "अगं, मी समोर बसलोय, शेवटच्या बाकावर नाही."

या आवाजामुळेच सकाळच्या प्रार्थनेचं काम माझ्याकडे आलं. माइक बंद पडला तरी माझं अडायचं नाही. मुलं बहुतेक लूम कामगारांची, मुसलमान, तेलुगू, उत्तरेकडची. ख्रिस्ती मुलं एका बाकड्यावर दाटीवाटीने बसतील इतकीच. पण प्रार्थना सगळ्यांना. पहिली ओळ मी दणक्यात उचलायची. मुलांचा आवाज चढला की पुढे माझे नुसते ओठ हलायचे. मनात मी आमची बुद्धवंदना म्हणत असे. लहानपणापासून डोळे मिटले की तीच आपोआप येते, त्याला मी काय करणार?

मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या. पाहुणे आले की त्या मला एखादं बक्षीस दाखवावं तशा दाखवायच्या. "ये टीचर क्रिश्चन नहीं, लेकिन देखो, कितना भक्ती से प्रेयर करता!" मी मान खाली घालायची. पाहुण्यांना तो विनय वाटायचा.

या कौतुकाची मला गरजही होती, कारण मी हंगामी होते. दर एप्रिलमध्ये कार्यमुक्त, दर जूनमध्ये पुन्हा नेमणूक. मधला मे महिना आमच्या घरात फार लांब असायचा. नवरा वडप्याच्या गोदामात कंत्राटावर, त्याचं आज आहे उद्या नाही. आणि त्या वर्षी मराठीच्या जुन्या बाई निवृत्त होणार होत्या. सिस्टर मला स्वतः म्हणाल्या होत्या, "नेक्स्ट इयर आप परमनंट." ते ऐकून मी घरी जाऊन मुलांच्या पुढच्या दहा वर्षांची शिक्षणं ठरवून टाकली होती. एकाला डॉक्टर केलं, एकीला वकील. स्वतःला एक मिक्सर घेतला. सगळं मनात.

मैत्रीण गणित शिकवायची. ती ख्रिस्ती, वसईकडची. आमचा डबा एकत्र. तिची मासळी मी खायची, माझी भाकरी ती. माझ्या धाकटीला कावीळ झाली तेव्हा महिनाभर माझे तास तिने घेतले. तिच्या घरी नवऱ्याने सोडलेली, डी.एड. झालेली नणंद येऊन राहिली होती आणि तिच्या कागाळ्या रोज डब्याबरोबर यायच्या. मला त्या बाईच्या आंघोळीला किती वेळ लागतो हेसुद्धा ठाऊक होतं. मैत्रीण हसली की खुर्चीवरून घसरायची. तिला तसं घसरवणं हे माझं व्यसन होतं.

ईस्टरच्या आधी, त्यांच्या उपवासाच्या दिवसांत, कल्याणहून एक वयस्कर फादर यायचे. वाचनालयात नाटकाच्या सामानातला हिरवा पडदा टांगायचा, पलीकडे फादर बसायचे आणि ख्रिस्ती मुलं एकेक करून आत जाऊन आपल्या चुका सांगून यायची. आत जाताना तोंडं पडलेली, बाहेर येताना उड्या. मला दरवर्षी त्या उड्यांचा हेवा वाटायचा. त्या वर्षी हेव्यात भीतीची भर पडली. कायमची जागा मिळणार ती माझ्या भक्तीवर, आणि भक्ती तर ही अशी. जागा घेण्याआधी कुणाला तरी खरं सांगावं, असं मनाने घेतलं.

घरी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "पाप सांगाया जातंस? तुला पाप कराया येळ कंदी भेटतो गं?"

मैत्रिणीला विचारलं, तर तिला हा सगळा प्रकार फार आवडला. तिने मला डब्याच्या सुट्टीत रीतसर शिकवणी दिली. "गुडघ्यावर बसायचं. क्रॉस काढता येतो ना? उलटा काढू नकोस, हात आधी कपाळाला. आणि घाबरू नकोस गं, फादरांना मारून टाकलं तरी ते आतलं बाहेर सांगत नाहीत."

"नक्की?"

"पोपने विचारलं तरी नाही."

तर मी मुलांच्या रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे पाचवीतला एक मुलगा होता. त्याने मागे वळून मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "टीचर, तुम्हीपण?" मी त्याला दम दिला, पुढे बघ.

पडद्याआड गेले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. सरळ म्हणाले, "फादर, मी तुमच्यातली नाही. मी रोज मुलांची प्रार्थना घेते, पण माझे नुसते ओठ हलतात. मनात मी आमची वंदना म्हणते. आणि सगळे मला भाविक म्हणतात."

फादर पलीकडून त्यांच्या संथ मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही कॅथलिक नाही, म्हणून मी तुम्हांला पापक्षमा देऊ शकत नाही. आशीर्वाद देतो. पण ओठ आमचे आणि मन तुमचं, दोन्ही प्रार्थनाच करत असतील, तर यात फसवलं कुणाला?"

बाहेर आले तेव्हा मीही उडीच मारणार होते. साडी होती म्हणून राहिलं.

जिन्यावर मैत्रीण वाट बघत होती. "काय सांगितलंस? सांग ना, सांग ना!" आता खरं सांगितलं असतं तर ती गंभीर झाली असती, आणि मला ते चालणार नव्हतं. मला ती घसरलेली हवी होती. म्हणून मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "सांगितलं, फादर, तुमची हेल मेरी चालू असते तेव्हा मी भाजीचा हिशेब करते. आज वांगं की भेंडी. एकदा तर आमेनच्या जागी तोंडातून कोथिंबीर निघाली!" असलं काही कधीच घडलं नव्हतं. मैत्रीण जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी. मी कृतकृत्य.

परीक्षा संपल्या. सिस्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. मी जाताना पदर नीट केला, परमनंट बाईचा असावा तसा. सिस्टरांनी बसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, "टीचर, प्रेयर लिप्स से नहीं होता, हार्ट से होता. वो पोस्ट हम दूसरे को दे रहे हैं."

लिप्स! माझ्या डोळ्यांपुढे हिरवा पडदाच आला. ओठांची गोष्ट मी फादरांनाच सांगितली होती.

मैत्रिणीकडे जाऊन रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "फादर झाले तरी माणूसच गं. सिस्टरांकडेच जेवतात ना ते. जेवताना निघून जातं तोंडातून." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तो खांदा मला आजही आठवतो, त्यावर खडूची पूड होती.

वर्ष संपताना शाळेत आभाराची प्रार्थना असायची. सगळी शाळा मैदानातल्या मांडवात, फुलं, मेणबत्त्या, निवृत्त होणाऱ्या बाईंना शाल. फादर त्यासाठी आले होते. प्रार्थना संपल्यावर मी त्यांना मांडवाच्या कडेला गाठलं. माझ्या आवाजाची पट्टी तुम्हांला आता माहीतच आहे. "फादर, तुम्ही सांगितलंत! माझं पोट मारलंत! हाच का तुमचा धर्म?"

मांडवातली माणसं वळून बघू लागली. फादरांचा चेहरा पांढरा पडला. एका शब्दाने सुटले असते ते. नुसतं "मी नाही" म्हणायचं होतं. ते म्हणाले, "बाई, त्या खोलीबद्दल मला तुमच्याशीही बोलता येत नाही," आणि काठी टेकत निघून गेले. मला वाटलं, बघा, चोराला उत्तर नाही. मैत्रीण शेजारीच उभी होती. माझा हात तिने घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यमुक्तीच्या कागदावर सही करायला गेले. सिस्टरांचाही जीव जड झाला असावा. पेन पुढे करत त्या म्हणाल्या, "आप अच्छा पढाता है, टीचर. लेकिन आमेन के टाइम पे कोथिंबीर? चिल्ड्रन के सामने? मेरे को बहुत दुख हुआ."

माझं पेन हातातच राहिलं. कोथिंबीर फादरांना ठाऊकच नव्हती. ती मी जिन्यावर पिकवली होती, एकाच माणसासाठी.

मी सिस्टरांना सांगायला हवं होतं, की ते खोटं आहे, गंमत होती. तोंड उघडलं. पण मग खरं काय, असं त्यांनी विचारलं असतं, आणि खरं सांगितलं असतं तर वंदना सांगावी लागली असती. ज्या माणसाने ती ऐकून मला आशीर्वाद दिला त्याला मी भर मांडवात चोर केलं होतं. मी सही केली. घंटेएवढा माझा आवाज, पण त्या दिवशी तो आलाच नाही.

जागा कुणाला गेली हे विचारायला मी शिपायापाशी थांबले. त्याला वाटलं मला ठाऊक आहे. "गणितवाल्या बाईंची नणंद ना. कालच साडी नेसून सिस्टरांना भेटून गेली."

मैत्रीण वरच्या वर्गात फळा पुसत होती. मी दारात उभी राहिले. मला भांडायचं होतं. सगळ्या शिव्या जिना चढताना जुळवून ठेवल्या होत्या, टेमघरच्या, ठसकेबाज. तिने मला पाहिलं आणि तिला कळलं. फळा अर्धा पुसलेला, भाजक आणि भाज्य दिसत होते.

"तूच ना?" एवढंच माझ्याकडून निघालं.

तिने डस्टर खाली ठेवलं नाही. रडलीही नाही. डब्यातला मासा पुढे करताना बोलायची, अगदी त्याच आवाजात म्हणाली,

"तू हुशार आहेस गं, तुला कुठल्याही देवाच्या शाळेत नोकरी मिळेल. ती माझ्या घरात जन्मभर बसली असती. मैत्रीण आहेस ना माझी, मग एवढं समजून घे ना."