देवापुढे कबूल केलेली फी

डिचोली तालुक्यातली ती घटना इतक्या वर्षांनीही मनातून गेलेली नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला, घर पार धुळ्याकडे. गोव्यात पोलीस शिपाई म्हणून लागलो आणि तेव्हा नुकताच हवालदार झालो होतो. जबाब लिहिताना शब्द अडायचे.

शनिवारी सकाळची हजेरी झाली आणि एक बाई ठाण्यात आली. मूळची सिंधुदुर्गातली. नवऱ्याचा पाय खाणीवर ट्रकखाली गेलेला. भरपाईचा निकाल लागून रक्कम बँकेत जमा झाली होती.

"हवालदारानू, घोवाचो पाय गेलो, आता पायाचे पैशेय जातले. अर्धे वकिलाक म्हणान दलालान घोवाची पैशे काढूच्या कोऱ्या स्लिपेर सही घेतल्यान. सोमवारी काढतलो."

त्या पैशांतून नवऱ्याला बसून चालवता येईल असं किराणा दुकान टाकायचं होतं. अर्धे गेले तर दुकान गेलं.

हा दलाल स्वतःला वकिलाचा माणूस म्हणवणारा. माझा संशय वकिलावरच गेला. पण सातवी शिकलेला मी वकिलाला काय विचारणार? फौजदारसाहेब म्हणाले, "जा रे. विचारायला सनद लागत नाही."

वकीलसाहेबांनी मला खुर्ची दिली. "बसा हवालदार. भरपाईत वाटा घ्यायला आम्हाला मनाई आहे. फी आधी ठरते. हरलो तरी तेवढीच, जिंकलो तरी तेवढीच. माझी फी मला केव्हाच मिळाली." त्यांनी पावतीपुस्तकातली दुसरी प्रत दाखवली. फी दलालाच्या हातून आलेली, मूळ पावतीही त्याच्याच हाती दिली होती. ती त्या घरी पोचलीच नव्हती.

दलालाला ठाण्यात आणलं. तो मजेत हसत बसला. "जबरदस्ती खंय केलंय? तेकाच इचारा! सातवी शिकान माका वकिली शिकयतास?"

दुपारी नवऱ्याला आणलं. कुबड्या भिंतीला टेकवून तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "देवाकडे नारळ ठेवन सांगलंय, अर्धे वकिलाचे. तां फिरवलंय तर ऱ्हवलेलो पाय तरी ऱ्हवात?"

"देवान काय तुझी केस चलयल्यान?" बायको कडाडली. तो कुबड्या ओढून घेत म्हणाला, "मी जबाब देवचंय नाय."

दलाल का हसत होता ते आता कळलं. नारळ त्यानेच ठेवायला लावला होता. जबाब नाही तर गुन्हा नाही, आणि मध्ये एकच दिवस.

संध्याकाळी ओशाळून पुन्हा वकीलसाहेबांकडे गेलो. नवसाची भानगड सांगितली. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "कुठलं देऊळ?"

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून आले. चपला काढून त्या माणसाशेजारी उभे राहिले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, तेव्हा वकीलसाहेब देवाकडे बघून स्वच्छ बोलले, "याने ज्याला अर्धे कबूल केले तो वकील मी. मला ते नकोत. माझं मला पोचलं. याला मोकळा कर."

नवरा गुरवाकडे बघत राहिला. गुरव म्हणाला, "घेणारोच नको म्हणता, मगे देव कित्याक अडयतलो?"

तिथेच देवळाच्या पायरीवर मी जबाब लिहिला. त्या संध्याकाळी दलालाला पुन्हा ठाण्यात आणून जबाब वाचून दाखवला तेव्हा त्याचं हसू मावळलं. डायरीतून त्याने ती स्लिप काढून दिली. रकमेची जागा अजून कोरी होती. पंचांसमोर जप्त केली. सोमवारी बँक उघडताच नवराबायकोने खात्यावर जुनी स्लिप न चालवण्याची सूचना नोंदवली. पैसे वाचले.

साक्षीदार भीतीनेच गप्प बसतात असं मी तोवर समजत होतो. पुढे कोणी गप्प बसला की आवाज चढवण्याआधी मी विचारायचो, बाबा, तू कोणाला शब्द दिलायस? पुष्कळ गुन्हे या एका प्रश्नाने उलगडले. तो प्रश्न मला त्या कुटुंबाने दिला, आणि माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला खुर्ची देणाऱ्या त्या वकिलाने. दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही.

देवळातून निघताना त्या बाईने पदराची गाठ सोडत विचारलं होतं, "वकिलानू, आजची फी किती?"

वकीलसाहेब स्कूटरला किक मारत म्हणाले, "रविवारी कोर्ट बंद असतं, बाई."