शिट्टीचं वाण

शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून धावत सुटणारी शहाणीसुरती मुलगी अख्ख्या घाटकोपरात एकच होती, आणि ती नेमकी माझी मामेबहीण निघाली. जेवायला बसलेली असो, केस धूत असो, शिट्टी म्हणजे शिट्टी. एकदा तिला बघायला मुलाकडची माणसं आली होती. ही पोह्यांची बशी मुलाच्या काकांच्या हातात कोंबून, 'आलेच हं' म्हणत जिना उतरली. मंडळी पोहे संपवून गेली तरी हिचा पत्ता नाही. ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. मामीने कपाळावर हात मारून घेतला. हिने परत आल्यावर उरलेले पोहे खाल्ले आणि मीठ कमी पडलंय म्हणाली.

हे शिट्टीचं खूळ तिनेच आणलेलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही चाळीतल्या पाच-सहा पोरी तेव्हा कॉलेजात होतो, आणि ज्या घरात बाईला मार पडतो तिथे कुणीतरी जायला हवं, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चौकीवर गेलो तर साहेब म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण आहे, तुम्ही घरी जाऊन अभ्यास करा. पत्रकं वाटली, तर सासवांनी त्यांत शेंगदाणे बांधून ठेवले. मग बहिणीच्या लक्षात आलं की सासू सुनेला काही न विचारता घराबाहेर सोडते ती एकाच कारणासाठी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिथे कुणी वाण म्हणून कंगवे देतं, कुणी गाळणी. हिने मामीच्या हळदीकुंकवात पत्र्याच्या शिट्ट्या दिल्या. हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि हळूच कानात सांगायचं, अंगावर हात टाकला की वाजव, मी येते. बायका पदराआड हसल्या. वाण नको म्हणायचं नसतं, म्हणून घेऊन गेल्या इतकंच.

हसली नाही ती एकटी सुलभावहिनी. मागच्या खोलीत राहायची, मालवणकडची, बोलणं कमी. डोळ्याखाली काळंनिळं दिसलं की मोरीत पाय घसरला म्हणायची, आणि ते आम्ही सगळे ऐकून घ्यायचो. तिने शिट्टी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "शिटी वाजयन गो, पण मगे जाव खंय?"

 दुसऱ्या दिवशी माझी बहीण महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या दारात हजर. तळमजल्यावर मंडळाची एक खोली होती. दुपारी शिवणाचा क्लास, एरवी कुलूप, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. घरातून निघावं लागलेल्या बाईला टेकायला ती खोली द्या, एवढीच हिची मागणी. बाई म्हणाल्या, मंडळाचं नाव खराब होईल, आणि उद्या एकेकीचा नवरा माझ्या दारात येऊन तमाशा करेल त्याचं काय? मग हिने रोज जायचं आणि त्यांनी रोज चहा पाजून परत पाठवायचं, असं होळीपर्यंत चाललं. चहा मात्र झकास करतात हं बाई, असं ही वर आम्हाला सांगायची.

इकडे शिट्ट्यांची पार वाट लागली. बायकांनी त्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवल्या आणि पोरांनी पळवल्या. गॅलरीत क्रिकेटचे पंच, जिन्यात आगगाडीचे गार्ड, दिवसभर नुसता कल्ला, आणि प्रत्येक शिट्टीला आमची बया लाटणं घेऊन दारात. दार उघडलं की आत एक शेंबडं पोर. मग ही तिथे बसून चहा पिणार, पोराकडून शिट्टी काढून आईच्या हातात देणार, आणि निघणार. तोवर गंमत बघायला अख्खी चाळ बाहेर, आणि सगळ्यांच्या पुढे कटकट करत अध्यक्षबाई. आम्ही पोरी कंटाळलो. मी तर सरळ म्हटलं, बये, पुरे कर आता, लोक हसतात.

"हसू दे ना," ती म्हणाली. "हसायला तरी बाहेर येतात."

एप्रिलातल्या एका रविवारी चाळ जेवून आडवी झाली होती, तेव्हा शिट्टी वाजली. एकदाच, तीही अर्धवट. ही धावली, मागे आम्ही, आणि आमच्या मागे सवयीने हसत सगळ्या बायका. मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. हिने लाटण्याने ते इतकं बडवलं की शेवटी सुलभावहिनीच्या नवऱ्याने उघडलं. आमच्या घरातलं आहे, तुम्ही निघा, म्हणाला. त्याच्या मागे ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळातून रक्त येत होतं आणि शिट्टी अजून ओठांत होती. हसणं जागच्या जागी थांबलं. मोरीत पाय घसरला हे इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या आम्ही सगळ्याजणी तिथे उभ्या होतो, आणि आता कुणालाच पाहिलं नाही म्हणता येत नव्हतं. नवऱ्याने दार लोटलं, पण ते लागेना, कारण उंबरठ्यावर अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडवून बहिणीच्या हातात दिली.

"हिला खाली ने," त्या म्हणाल्या. "क्लास आपण गॅलरीत घेऊ."

सुलभावहिनी त्या खोलीत राहिली, तिथेच शिवण शिकली आणि परत गेली नाही. तिच्यामागून आणखी बऱ्याच जणी आल्या. चौकीतले साहेब काही लगेच बदलले नाहीत, पण आम्ही घोळक्याने गेलो की निदान बसा म्हणायला लागले.

बहीण आता दहिसरला असते. हल्ली तिला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आणून दिलं तर खाजतं म्हणून तिने कपाटात टाकलं. परवा गेले तर भर दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघत. काय बघतेस गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ऐकू येत नाही ना, म्हणून बघते. तिच्या कानाशी जाऊन मी मोठ्याने म्हटलं, तू जरा आत जाऊन पड, मला येतं ऐकू.

"ऐकू सगळ्यांनाच येतं गं," ती म्हणाली. "उठशील का?"

उठेन म्हटलं. मग ती आत जाऊन झोपली आणि तिच्या खुर्चीत मी बसले. पायातल्या चपला काही काढल्या नाहीत.